माशाच्या खुणेचा कोट

कोट माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं ऐकताना तुम्हाला वाटत राहील की हा माणूस कुणीतरी बरा असावा. तीच चूक तेव्हा सगळ्यांनी केली आणि मीही ती कुणाला सुधारू दिली नाही.

मला हवं होतं फार थोडं. एकदा, फक्त एकदा, सिनेमा खुर्चीत बसून बघायचा होता. त्या वेळी चित्रं बोलत नसत. पडद्यावर माणसं तोंड हलवत, मग काळी पाटी येई, तिच्यावर ती काय बोलली ते पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असे, आणि पडद्याखाली एक मुलगी पियानो वाजवी. आमची बाकं पडद्याला अगदी चिकटून होती. तिथून वर बघितलं की नायिकेची हनुवटी आणि नायकाच्या नाकपुड्या, एवढंच दिसे. तीन वर्षं मी नुसत्या नाकपुड्यांवरून प्रेमकथा समजून घेतल्या. खुर्च्या मागे होत्या आणि खुर्च्यांच्या दारावरचा माणूस तिकीट नंतर बघायचा, आधी कोट.

आता कोटांना मला तोटा नव्हता. मी लॉन्ड्रीत इस्त्रीवर होतो. शुक्रवारी आलेले कपडे सोमवारी जायचे. मधला रविवारभर ते दांडीवर नुसते लटकत असायचे, एखाद्या बड्या घरच्या रिकामटेकड्या जावयांसारखे. मला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे गिऱ्हाइकांची नावं मला माहीत नव्हती, खुणा माहीत होत्या. प्रत्येक घराच्या कपड्याला आतून लाल दोऱ्याची खूण घातलेली असे. तीन टाके म्हणजे जज्जसाहेबांचं घर. फुली म्हणजे दातांचे डॉक्टर. मासा कोण होता कुणास ठाऊक, पण त्याचं पोट वर्षाला दोन बोटं वाढतं हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. माशाचा कोट काळा, राखाडी रेघांचा, असा की खुंटीवर टांगला तर खुंटीलाही लोक नमस्कार करतील.

आमचे वस्ताद मात्र कडक. मला ते ‘सुरकुती’ म्हणत, कारण इस्त्रीखाली मला घालायचं राहून गेलंय असं त्यांचं मत होतं. "सुरकुती," ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाचा कपडा ज्या दिवशी तुझ्या अंगावर दिसेल, त्या दिवशी इस्त्री कपड्यावर नाही, तुझ्यावर फिरेल. आणि मग दुसरी नोकरी बघ." पण रविवारी दुपारी वस्ताद झोपत. तेव्हा मी ठरवलं.

एखादी गोष्ट गुपचूप करायची ठरवली की ती आधी दोन माणसांना सांगावी लागते, हा माझा स्वभाव. खोलीच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणत असे. त्यांनी आपल्या यजमानांचा जुना चश्मा काढून दिला. "घाल. चश्मा असला की शिक्षण कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांना कधी कुणी विचारलं नाही." खाली न्हाव्याचं दुकान होतं. त्याने मधोमध भांग पाडला, डोक्याला बचकभर तेल चोपडलं आणि लांब उभं राहून मला निरखलं. "खूश दिसतोयस. तिथेच पकडला जाशील. साहेब लोक कधी खूश दिसतात का? चहा गार आलाय असा चेहरा ठेव."

तर तेल पाजलेलं डोकं, गार चहाचा चेहरा, आणि माशाचा कोट, मागून चार टाचण्या लावून आवळलेला. दारावरच्या माणसाने मला सलाम केला! मला! मी उलट सलाम करणार होतो, तेवढ्यात चहा आठवला.

खुर्ची मऊ होती. चश्म्यातून मला दोन पडदे आणि दोन पियानो दिसत होते, म्हणजे एका तिकिटात दोन चित्रं. चित्र होतं एका मोटार हाकणाऱ्याचं. तो मालकाचे कपडे घालून मोठ्या घरच्या मुलीला भेटतो आणि आपण कोण ते सांगायला घाबरतो. मी म्हटलं, वा! पहिली पाटी आली. आणि शेजारचे म्हातारे आजोबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "साहेब, डोळे गेलेत माझे. काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "ती म्हणतेय, उशीर झाला."

"एवढी मोठी पाटी, आणि एवढंच?"

"फार उशीर झाला. काल यायला हवं होतं. आई वाट बघून झोपली," मी भर घातली.

आजोबांचं समाधान झालं. माझंही झालं. पुढची पाटी आली, मग त्याच्या पुढची. माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला मधे थांबणं अवघड जातं, त्यातून समोर पडद्यावरचा माणूसही तेच करत असला तर जास्तच. नायिका रुमालाने डोळे टिपू लागली तेव्हा मी वाचलं, "रेशमी रुमाल आहे तो. थंड पाण्यात धुवावा, पिळू नये." मला दुसरं सुचलंच नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. "साहेब, जरा मोठ्याने!" मी मोठ्याने वाचू लागलो. नायिकेच्या बापाने दार आपटलं, मी म्हणालो, "माझ्या शर्टाला खळ कुणी जास्त घातली?" आख्खं सभागृह हसलं. बाकांवरची माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. आणि पियानो थांबला.

पियानोवाली मुलगी मान वळवून बघत होती. मग तिने एकदम बोटं टेकली आणि खळ जास्त झालेला बाप कसा चालेल, अगदी तसं कडक कडक वाजवलं. मी काही वाचावं, तिने तसं वाजवावं. मी जरा थांबावं, तिने वाट बघावी. असा दीड तास! मला आजवर कुणी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा मी चश्मा काढून तिला नीट बघितलं. तिच्या गळ्याशी जाळीची कॉलर होती. ती कॉलर मी ओळखत होतो. डाव्या कोपऱ्यात उसवलेली, मीच शुक्रवारी इस्त्रीने दाबून बसवलेली. तीन टाके. जज्जसाहेबांचं घर.

हे सगळं ऐकून न्हावी म्हणाला, "जज्जची मुलगी पियानो वाजवायला येईल कशाला?"

"हौस असेल. मोठ्या लोकांची."

"मग झालं तर. तीही हौशी, तूही हौशी."

"पण मी खोटा आहे ना!"

"तिला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग अजून नाहीयेस," न्हावी म्हणाला. त्याच्या दुकानात असली वाक्यं फुकट मिळत.

पुढच्या रविवारी सभागृहाबाहेर रांग होती. बाकांवरची माणसं खुर्च्यांच्या कठड्याला लोंबकळत होती. त्या दिवशी मी नायकाच्या तोंडी डाग काढण्याच्या तेरा युक्त्या घातल्या. बायकांनी त्या पाठ केल्या असाव्यात, कारण सोमवारी लॉन्ड्रीत डागाचे कपडे कमी आले आणि वस्ताद दिवसभर चिडले. चित्र संपल्यावर सभागृहाचे मालक धावत आले. मला वाटलं, संपलं. त्यांनी मला मिठी मारली. मागच्या चार टाचण्यांपैकी एक त्यांच्या तळहातात गेली, पण त्यांनी ते उत्साहात चालवून घेतलं.

"साहेब, तुम्ही दर रविवारी पडद्याशेजारी उभं राहून वाचायचं! येता रविवार या चित्राचा शेवटचा, त्याच दिवशी सुरुवात. फक्त एक छोटा कागद लागेल."

आयुष्यात ‘फक्त एक छोटा कागद’ असं कुणी म्हणालं की मी आता पायातल्या चपला बघतो, झिजायला किती उरल्यात ते. तेव्हा कळत नव्हतं. शिवाय मालकांच्या मागून ती मुलगी आली, गाण्याचे कागद छातीशी धरून, आणि म्हणाली, "याल ना? नुसतं वाजवायचा कंटाळा आला होता हो मला." या एका वाक्यासाठी मी छोटाच काय, चादरीएवढा कागद आणला असता.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी कुणीतरी मध्यंतरात उभं राहून शहरातल्या नळांबद्दल चार शब्द बोललं होतं. तेव्हापासून सभागृहात जाहीर बोलायला कचेरीचा परवाना लागे. खोकायला सूट होती. आणि परवान्याचा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचा होता. म्हणजे वाचायची परवानगी मिळवायला आधी लिहायचं.

"हाताला फडकं बांध," न्हावी म्हणाला. मावशींनी इतकं बांधलं की हात उशीसारखा दिसू लागला. मंगळवारी दुपारी पोटात दुखतं सांगून मी कोट चढवला आणि गेलो.

"हाताला काय?" खिडकीतले कारकून म्हणाले.

"भाजला. इस्त्रीने."

"साहेब स्वतः इस्त्री करतात?"

"छंद आहे."

कारकुनांनी कौतुकाने मान हलवली आणि अर्ज स्वतः भरायला घेतला. "शिक्षण?"

"घरीच."

"पदवी?"

"तीही घरचीच."

त्यांनी लिहिलं. मग कागद माझ्यासमोर सरकवला. "खालचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचा. नियम आहे."

मी चश्मा चढवला. दोन प्रतिज्ञापत्रं दिसली, एकही वाचता येईना. पण गेल्या दोन रविवारांनी माणूस घडवला होता. मी खाकरलो आणि वाचलं, "मी खाली सही करणार सांगतो, की मी जे वाचीन ते खरं वाचीन, जे खरं नसेल ते हळू वाचीन, आणि नळांबद्दल एक शब्दही काढणार नाही."

कारकून म्हणाले, "बरोबर." त्यांच्या अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनीही ते कधी वाचलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. त्यांनी शिक्का उचलला. आणि परत ठेवला.

"शिक्का साहेब मारतील. रविवारी ते स्वतः येऊन वाचन तपासतील. पाट्यांची यादी मागवलीय, शब्दन् शब्द ताडून बघतात. आजच आले असते, पण बाहेर जायचा त्यांचा कोट लॉन्ड्रीत अडकलाय. दोनदा मागून पाठवला. वस्ताद म्हणतो, वाळला नाही."

"कसला कोट?" माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"काळा. राखाडी रेघांचा. म्हणजे..." कारकून खिडकीतून पुढे वाकले, "अगदी तुमच्यासारखाच."

आतलं दार उघडलं. एक पोट बाहेर आलं. ते पोट मी चार वर्षं ओळखत होतो. मागून एक आखूड जुना कोट घातलेले साहेब आले. मासा! मी उशीच्या हाताने कोट उतरवला, अस्तर बाहेर करून खांद्यावर टाकला, "उकडतंय," म्हणालो आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो. हात भाजलेला होता म्हणून बरं, पाय धड होते.

त्याच संध्याकाळी वस्तादांनी माशाचा कोट दांडीवर बघितला. "हा आता कुठून आला? सकाळी नव्हता. आणि तेलाचा वास कसला?" मी म्हणालो, साहेबांच्या डोक्याचा असेल. "साहेबांना टक्कल आहे," वस्ताद म्हणाले. त्यांनी तो पुन्हा धुतला आणि शनिवारी स्वतः साहेबांच्या घरी पोचवला.

आता माझ्याकडे कोट नव्हता आणि पाट्या शब्दन् शब्द वाचायच्या होत्या. पाट्या पाठ करायच्या म्हटलं तर आधी कुणीतरी त्या वाचून दाखवायला हव्यात. मी न्हाव्याला विचारलं, कारण तो रोज वर्तमानपत्र उघडून बसे. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी चित्रांसाठी घेतो. आणि खाली पडलेले केस झाकायला बरं पडतं." मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चश्मा यजमानांचा होता, विद्या नव्हती. त्यांनासुद्धा यायचं नाही. कधी कुणी विचारलं नाही म्हटलं ना." आमच्या आख्ख्या इमारतीत एका अक्षराचीही वस्ती नव्हती. वाचता येणारे एकटे वस्ताद. त्यांना विचारायचं म्हणजे आपणच आपली इस्त्री तापवून द्यायची.

जाऊ नये, हे उघड होतं. पकडलो गेलो तर नोकरी जाणार, आणि जज्जसाहेबांच्या मुलीला कळणार की आपण ज्याच्यासाठी वाजवलं तो आपल्याच कॉलरी चेपणारा. नाही गेलो तर ती पुन्हा नुसतंच वाजवणार. या दुसऱ्याने मला झोप लागू दिली नाही. रविवारी मी माझाच शर्ट घेतला. बाहीला विरलेला होता, पण त्याला मी अशी इस्त्री केली की तशी आजवर एकाही गिऱ्हाइकाला मिळाली नव्हती. बाहेर पडलो.

दारावरच्या माणसाने मला अडवलं. "बाकं पलीकडून."

"अरे, मी वाचक आहे!"

"हो, आणि मी जज्ज."

शेवटी मालकांनी मला ओढत पडद्याजवळ नेलं. पहिल्या खुर्चीत मासा बसला होता, आपल्या कोटात, मांडीवर यादी, हातात पेन्सिल, आणि यादीवर उजेड पाडायला शेजारी मेणबत्ती. मी पियानोला टेकून उभा राहिलो. मुलीने माझ्या शर्टाकडे पाहिलं. दिवे गेले. पहिली पाटी आली.

मी तोंड उघडलं. काही निघेना. तेवढ्यात सुरांच्या खालून हळूच आवाज आला, "क्षमा करा, मला यायला विलंब झाला."

मी तेच मोठ्याने म्हणालो. साहेबांनी यादीवर खूण केली. दुसरी पाटी, पुन्हा खालून आवाज. ती पडद्याकडे बघतही नव्हती. हे चित्र तिने इतक्यांदा वाजवलं होतं की पाट्या तिला तोंडपाठ होत्या. मी वाचत गेलो, साहेब खुणा करत गेले. आणि सातव्या-आठव्या पाटीला माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाट्या पाठ आहेत, म्हणजे पहिल्या रविवारपासून तिला ठाऊक होतं! रुमाल, खळ, तेरा डाग, सगळं! माझे कान असे तापले की त्यांच्यावर कॉलर ठेवली असती तर कडक झाली असती.

बाकांवरून ओरडा सुरू झाला. "अहो, हे काय वाचताय? मागच्यासारखं वाचा!" "डागाचं सांगा! माझा शाईचा राहिलाय!" साहेबांनी मागे वळून बघितलं. आरडाओरडा दबला.

मग ती जागा आली. मोटार हाकणारा मुलीसमोर उभा राहतो, टोपी काढतो, आणि खरं काय ते सांगतो. पाटी आली, मोठी, पडदाभर. मी खालच्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. पियानोही थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

"मी साहेब नाही," मी म्हणालो. "तो कोट माझा नव्हता. ज्यांचा होता ते इथे असतील तर त्यांनी माफ करावं." साहेबांनी कोण ते बघायला डावीकडे-उजवीकडे मान फिरवली. "मला एक अक्षर वाचता येत नाही. दुपारभर कोळशाची इस्त्री ओढतो. तुम्ही मोठ्या घरच्या, तुमच्या कॉलरीची उसवलेली जाळी दाबणारा तो मी. पण तुम्ही वाजवलंत, तेव्हा मला वाटलं, मला बोलता येतं."

आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मेणबत्ती विझली. "वा! काय लिहिलंय!" बाकांवरची माणसं डोळे पुसत होती. त्यांना वाटलं, पाटी आहे! साहेबांनी अंधारात यादी डोळ्यांशी नेली, काही दिसेना, तरी खूण केली.

पडद्यावर नायिका बोलू लागली. तिच्या उत्तराची पाटी आली. खालून आवाज आला. मी नेहमीसारखं तिच्या मागोमाग म्हणत गेलो.

"कॉलर माझीही नाही," मी जाहीर केलं. "मालक म्हणतात, वाजवणारी चांगल्या घरची दिसली पाहिजे. माझे मामा लॉन्ड्रीत आहेत. जज्जसाहेबांची कॉलर तेच दर रविवारी मला आणून देतात आणि सोमवारच्या आत दांडीला लावतात..."

इथवर मी तोंडाने म्हणालो होतो, डोक्याने नाही. डोकं आलं ते तिसऱ्या बाकावरून ‘खाड’ असा आवाज आल्यावर. वस्ताद उभे राहिले होते. भाची आज हे चित्र शेवटचं वाजवते म्हणून झोपमोड करून आले होते.

"सुरकुती!" ते गरजले.

"मामा!" ती ओरडली.

"खाली बसा!" बाकं ओरडली. "पाटी जाईल!"

वस्ताद खाली बसले. काय करतील? माझ्यावर इस्त्री फिरवायची तर अर्धी स्वतःवर फिरवावी लागली असती. ती वाजवू लागली. मला आठवत नाही ती काय वाजवत होती. पडद्यावर त्या वेळी मोटार चिखलात रुतली होती आणि सूर मात्र मोटार उडाल्यासारखे होते.

बाहेर वस्ताद माझ्यासमोर आले. बराच वेळ त्यांनी माझा शर्ट बघितला. "खांद्याची घडी बरी मारलीयेस," ते म्हणाले. "उद्या वेळेवर ये. आणि तीन टाक्यांची जाळी यापुढे मी दाबणार, समजलं?" समजलं, म्हणालो.

कचेरीचं उत्तर दीड महिन्याने आलं. शिक्का होता, म्हणजे काहीतरी ठरलेलं होतं. वाचायला अर्थात तिच्याकडे नेलं. तिने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "अर्जदारास वाचनाची परवानगी देण्यात येत आहे. मात्र वाचकाच्या शेजारी पियानो वाजवणारी व्यक्ती कायम असली पाहिजे, या अटीवर."

"कायम म्हणजे?" मी विचारलं.

"कायम म्हणजे कायम. सरकारी भाषा आहे."

सरकारी अट म्हटल्यावर मी कोण मोडणार? आम्ही लग्न केलं. पुढे सहा वर्षं, चित्रं बोलू लागेपर्यंत, मी दर रविवारी बेधडक वाचत होतो.

अक्षरं मी शिकलो ते साठी उलटल्यावर, तिच्याकडूनच, आणि शिकताना तिच्या इतक्या टपल्या खाल्ल्या की साठी पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटली. मग घरातलं जे छापील दिसेल ते वाचत सुटलो. औषधांच्या बाटल्या, पाण्याची बिलं, शेवटी पेटीतले जुने कागद. त्यात तो सापडला. बोट ठेवून सावकाश वाचला. दोन ओळी होत्या. अर्ज फेटाळण्यात येत आहे. वाचलेला मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही.

मी चश्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तेच होतं. कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, हे फेटाळलं होतं! सहा वर्षं मी परवान्याशिवाय बोंबलत होतो? आणि ती अट? कायमची? ती कुठाय यात?"

तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आहे हो. शिक्क्याखाली. फार बारीक अक्षर आहे ते," ती म्हणाली. "तुमचं शिक्षण अजून तिथवर आलेलं नाही."